डाव्या खुंटीतला गंधार

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. हार्मोनियम म्हटलेत तरी चालेल, त्याही नावाला मी ओ देते. सध्याचा मुक्काम स्टुटगार्ट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ज्यांनी मला उचलून वर आणले त्यांच्या कंबरेला हा पत्ता पाठ आहे.

मित्रांनो, पेटीचे आयुष्य तसे सरळ असते. कुणीतरी भाता मारतो, कुणीतरी पट्ट्या दाबतो आणि आपण वाजतो. स्वतःहून बोलायची सोय नाही. भात्याला हात लागल्याशिवाय माझ्या तोंडून साधा हुंकारही निघत नाही. एरवी मला त्याचे काही वाटत नाही. पण दोन हजार सात सालच्या जूनमध्ये मला चार शब्द बोलता आले असते, तर माझा एक सूर वाचला असता. ती हकिगत सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

माझे लाकूड सागाचे आणि माझे सूर जर्मन. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात. वारा लागला की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. त्या जिभांनाच आमच्यात सूर म्हणतात. माझ्या काळी चांगल्या पेटीत जर्मनीहून आलेले सूर बसवण्याची पद्धत होती. माझे सूर ट्रॉसिंगन नावाच्या गावाकडचे, आणि ते गाव स्टुटगार्टहून गाडीने जेमतेम तासाभरावर. म्हणजे गिरगावातल्या ज्या कारागिराने मला जोडले ते माझे माहेर, आणि जर्मनी माझे आजोळ. म्हातारपणी आजोळी येऊन राहण्याचे भाग्य किती जणांना मिळते?

मी दुहेरी सुरांची आहे. प्रत्येक पट्टीखाली दोन जिभा, एक जाड आवाजाची आणि एक बारीक आवाजाची. समोर दोन खुंट्या आहेत. डावी खुंटी ओढली की जाड जिभा वाजतात, उजवी ओढली की बारीक. दोन्ही ओढल्या तर दोन्ही एकदम. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुण्याचे वासुदेवराव योगळेकर माझे पहिले मालक. मोंबासाच्या बंदर कचेरीत नकाशे काढण्याची नोकरी त्यांना मिळाली आणि पंचावन्न साली ते, त्यांची पत्नी मनोरमा आणि मी, असे तिघे बोटीने आफ्रिकेला गेलो. मनोरमाबाईंना बोट लागली. मला काही झाले नाही.

मोंबासाच्या जुन्या भागात समुद्राकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो. खालच्या मजल्यावर फुंदी अथमान आणि त्याची बहीण बी रुकिया. तिकडे फुंदी म्हणजे कारागीर आणि बी म्हणजे बाई. अथमान होड्यांचे सुतारकाम करायचा आणि कामावरून आला की ऊद वाजवायचा. ऊद म्हणजे फुगीर पोटाचे, आखूड मानेचे तंतुवाद्य. रुकिया कपडे शिवायची आणि गायची. तिचे शिवणयंत्र आणि तिचा गळा, दोन्ही दिवसभर चालू.

त्या गल्लीत गाण्याला तोटा नव्हता. लग्न निघाले की न्गोमाचे ढोल वाजत. बायका आपल्यातच जमून कंबर घुमवत चकाचा नाचत. सणाला बेनीवाले पितळी कर्णे फुंकत, पलटणीसारखे पाय आपटत गल्लीतून जात. आणि बसून ऐकायचे ते ताराब. ताराबची गंमत अशी, की मोंबासाच्या बंदरात जे जे उतरले ते ते त्यात शिरले. अरबांचा ऊद आला, इजिप्तकडची व्हायोलिनची पद्धत आली, हिंदी सिनेमाच्या चाली आल्या. जपानहून तशकोटा आली, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणे असलेली तारांची पेटी. आपल्याकडे तिच्याच बहिणीला बुलबुलतरंग म्हणतात. शब्द मात्र स्वाहिली. अशा घरात मी गेले नसते तरच नवल.

अथमानच्या मेळ्यातली पेटी खाऱ्या हवेने फुगून बंद पडली होती. वासुदेवरावांनी मला दर गुरुवारी दुपारी खाली द्यायचे कबूल केले. शनिवारी महाराष्ट्र मंडळाचे भजन, गुरुवारी ताराब. मंडळातल्या काहींनी नाके मुरडली, पण वासुदेवरावांनी ते मनावर घेतले नाही.

अडचण निघाली ती वेगळीच. त्यांच्या एका आवडत्या चालीतला गंधार असा लागायचा, की तो आपल्या शुद्ध गंधाराच्या खाली आणि कोमल गंधाराच्या वर. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतला सूर! रुकियाच्या गळ्याला तो सहज सापडायचा, अथमानच्या उदाला सापडायचा. माझ्यात त्याची पट्टीच नव्हती. मी वाजले की रुकिया थांबायची आणि माझ्याकडे असे बघायची की मला लाकडातून घाम फुटायचा बाकी राहायचा.

शेवटी अथमानने वासुदेवरावांना विचारले, की जाड जिभांमधले तेवढे तीन गंधार, खालचा, मधला आणि वरचा, मी थोडे उतरवू का? वासुदेवराव म्हणजे आमटीत मीठ कमी असले तरी विचारून घेणारा माणूस. त्यांनी आठ दिवस विचार केला. मग म्हणाले, "जाड जिभा तुमच्या, बारीक जिभा मंडळाच्या. डावी खुंटी मोंबासाची, उजवी पुण्याची. दोन्ही एकदम कुणी ओढायच्या नाहीत."

अथमानने एका दुपारी बारीक कानस घेतली आणि तीन जिभांच्या मुळाशी, एकाच दिशेने, मोजून घासले. मुळाशी घासले की सूर उतरतो, टोकाशी घासले की चढतो. प्रत्येक दोन ओढींनंतर तो थांबायचा, रुकिया गायची, तो ऐकायचा. तिसरा गंधार जुळला तेव्हा रुकियाने माझ्या झाकणावर थाप मारली. माझ्या भात्याला एक चीर गेली होती, तीही तिने आपल्या कांगाची पट्टी आतून चिकटवून बुजवली. कांगा म्हणजे तिकडच्या बायकांचे छापील वस्त्र. त्याच्या काठावर एखादी म्हण छापलेली असते. त्या दिवसापासून मी पोटात म्हण घेऊन फिरते आहे.

मनोरमाबाई आधी जिन्यात बसून ऐकायच्या. मग उंबऱ्याशी. मग चटईवर. वर्षभरात त्यांना स्वाहिली येऊ लागले आणि दोन वर्षांत रुकियाने त्यांना गाणे शिकवले. रुकिया त्यांना 'मनो' म्हणायची. माझ्या डाव्या खुंटीवर त्या दोघींच्या बोटांनी लाकडाची चकाकी गेली.

ताराबमध्ये एक रिवाज आहे, तो मला फार आवडतो. बाईच्या मनात कुणाबद्दल काही सलत असेल, तर ती भांडत नाही. गाणारी टोमण्याची ओळ गाते, तिला मिपाशो म्हणतात. ती ओळ जिला आपल्याच मनातली वाटते ती उठते, हात झुलवत पुढे येते आणि गाणाऱ्या बाईसमोर काहीतरी ठेवते. नाणे, फूल, काहीही. एक शब्द न बोलता ज्याला कळायचे त्याला कळते. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, त्यातलाच प्रकार, फक्त सुरात.

रुकियाचे स्वतःचे एक गाणे होते. त्याचा मराठीत अर्थ असा: हाक मारली असतीस तर मी दार उघडले असते. कुलूप का फोडलेस? किल्ली तर माझ्या कंबरेलाच होती.

अडुसष्ट साली वासुदेवराव पुण्याला परतले. त्यांचा मुलगा हृषिकेश तेव्हा दोन वर्षांचा होता. निघायच्या दिवशी रुकिया बंदरावर आली नाही. आदल्या गुरुवारी तिने माझी डावी खुंटी स्वतःच्या हाताने आत ढकलली आणि मनोरमाबाईंना म्हणाली, "मी तुझ्याबरोबरच येते आहे, मग निरोप कसला घेऊ?"

पुण्यात पहिल्याच महिन्यात नणंद कुंदा आली. मनोरमाबाईंनी हौसेने डावी खुंटी ओढून वाजवले. कुंदाताई म्हणाल्या, "वहिनी, आफ्रिकेत जाऊन पेटी बेसूर करून आणलीत की काय?" सगळे हसले. मनोरमाबाईही हसल्या आणि त्यांनी खुंटी आत ढकलली. त्यांना लाज वाटली असे मी म्हणणार नाही. ऐकायचीच इच्छा नसलेल्याला सांगत बसण्याचा कंटाळा आला, एवढेच. मोंबासाहून पत्रे येत. एक्याण्णव साली अथमानच्या हातचे पत्र आले, रुकिया गेल्याचे. नव्याण्णव साली वासुदेवराव गेले. डाव्या खुंटीचा अर्थ जाणणारे या घरात आता एकच माणूस उरले होते.

हृषिकेश शिकून स्टुटगार्टला नोकरीला लागला. आईला त्याने दोन हजार पाच साली कायमचे बोलावून घेतले आणि आईबरोबर मी आले. विमानतळावर माझ्यासाठी जास्तीच्या सामानाची पावती फाडावी लागली, हे तो पाहुण्यांना अजून सांगतो.

इथले दिवस चांगले होते. सकाळी हृषिकेश कामावर जाई, त्याची बायको ऊर्मिला तिच्या कामावर, नात कादंबरी शाळेत. दहा वाजता घर रिकामे झाले की मनोरमाबाई खाली सतरंजी घालत, माझे झाकण काढत आणि डावी खुंटी ओढत. फक्त डावी. अर्धा तास. इमारतीच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे नियमावलीत, वाद्य वाजवायच्या वेळा लिहिलेल्या आहेत, त्या त्यांनी चष्मा लावून वाचून घेतल्या होत्या. आवाज अगदी हलका. मधला गंधार, मग वरचा. वरच्या गंधारावर त्या थोड्या रेंगाळत. रुकिया तिथेच रेंगाळायची. ती या जगात कुठे उरली असेल तर त्या तीन जिभांमध्ये. मनोरमाबाई हे कुणाला सांगत नव्हत्या आणि मला सांगता येत नव्हते.

दोन हजार सातच्या जूनमध्ये त्या आठ दिवसांसाठी भाच्याकडे, श्रीरंगकडे, वाल्डॉर्फला गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी होती. घरात तिची गुपचूप तयारी सुरू झाली.

अकरा वर्षांची कादंबरी शाळेत पियानो शिकत होती. तिने माझे झाकण काढले आणि दोन्ही खुंट्या एकदम ओढल्या. गंधाराची पट्टी दाबली तर आतून पुणे आणि मोंबासा एकाच वेळी बोलू लागले. पोत्यात दोन मांजरे कोंडल्यासारखा आवाज झाला.

"पापा! दास इस्ट फाल्श!" ती ओरडली. "आजीची पेटी गान्झ फाल्श आहे!" म्हणजे साफ बेसूर.

हृषिकेश धावत आला. त्याची नोकरी मोटारीच्या गिअरमधून घूं-घूं आवाज का येतो हे शोधून काढायची. असा माणूस घरात असला की दाराच्या बिजागरीलाही भीती वाटते. त्याने मायक्रोफोन लावला, लॅपटॉप उघडला आणि माझी एकेक जीभ तपासली.

"आल्झो, सापडलं," तो म्हणाला. "जाड सेटमधले तीन गंधार. दोन पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर भाग केले तर हे पंचेचाळीस भाग खाली गेलेत. म्हातारपण, दुसरं काय! आईच्या पंचाहत्तरीला पेटी एकदम नव्यासारखी करून देऊ."

ऊर्मिला स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, आईंना विचारलंस का?"

"सरप्राइज विचारून देतात का कुणी?"

"मी आपलं म्हटलं. माझ्या मिक्सरचंही तू असंच सरप्राइज केलं होतंस."

हृषिकेशने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. मुलगा गुणी आहे हो, आईवर जीव आहे. पण त्याला एखादी गोष्ट सापडली की ती कुणी ठेवली होती हे विचारायचे सुचत नाही.

त्याने इंटरनेटवर वाचले की जिभेच्या टोकाशी घासले की सूर चढतो. मग ऊर्मिलाची नखे घासायची कानस घेतली आणि वरच्या गंधारापासून सुरुवात केली. खर्र, खर्र, आणि लॅपटॉपकडे बघायचे. खर्र, खर्र, आणि लॅपटॉपकडे बघायचे.

मित्रांनो, पितळेला दुखते का, हे मला ठाऊक नाही. पण मला फार वाईट वाटले. अथमानने दोन ओढींनंतर थांबून एका बाईचा गळा ऐकला होता. हा एका रेषेकडे बघत होता. अर्ध्या तासात रेष शून्यावर आली. "गेनाऊ! अगदी अचूक!" हृषिकेश म्हणाला आणि आनंदाने त्याने ती पट्टी पाच-सहा वेळा वाजवली. सूर अगदी शुद्ध होता. रुकिया त्यात नव्हती.

मधल्या गंधाराला मात्र कानस घसरली आणि जीभ किंचित वाकली. हृषिकेश घाबरला आणि घाबरला हे बरे झाले. उरलेले काम जाणकाराकडून करून घ्यावे, असे त्याने ठरवले. शनिवारी सकाळी त्याने मला गाडीत घातले, कादंबरीला बरोबर घेतले, आणि आम्ही निघालो ट्रॉसिंगनला. सत्तर वर्षांनी मी आजोळी चालले होते, आणि तेही जीभ कापून घ्यायला.

फ्राऊ हाउसर या बाईंचे तिथे अकॉर्डियन दुरुस्त करण्याचे छोटे दुकान आहे. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझे पोट उघडले आणि आधी नुसते बघत राहिल्या. "हे सूर आमच्या इकडचे आहेत," त्या म्हणाल्या. मग डोळ्याला भिंग लावले.

"हेर योगळेकर," म्हणजे श्रीयुत योगळेकर, असे म्हणून त्यांनी हृषिकेशला विचारले, "तुम्ही म्हणता हे वयामुळे उतरलेत?"

"हो."

"वय इतकं नेटकं नसतं. म्हाताऱ्या पेटीत एक सूर इथे घसरतो, दुसरा तिथे. हे फक्त गंधार, आणि तुम्ही मोजले तेव्हा तिन्ही नेमके तेवढेच. मुळाशी ओरखडे बघा, सगळे एका दिशेने. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. आणि करणाऱ्याचा हात फार चांगला होता." त्यांनी भिंग वरच्या गंधाराकडे सरकवले. "हे टोकाशी कुणी केलं?"

"मी."

"नखांची कानस?"

"हो."

"दिसतंय," फ्राऊ हाउसर म्हणाल्या.

फ्राऊ हाउसरनी वाकलेली जीभ हलकेच सरळ केली, पण घासायला साफ नकार दिला. भाता तपासताना त्यांना आत चिकटवलेली कापडाची पट्टी दिसली. रंग विटला होता, अक्षरे शाबूत होती. तिघांपैकी कुणालाही ती भाषा कळेना. कादंबरीने आपल्या वहीत एकेक अक्षर उतरवून घेतले.

"आधी घरी जाऊन विचारा," फ्राऊ हाउसर म्हणाल्या. "विचारायला कुणी आहे ना अजून?"

रविवारी मनोरमाबाई वाल्डॉर्फहून परत आल्या. चपला काढतात न काढतात तोच कादंबरीने वही पुढे केली. "आजी, वास हाइस्ट दास?" म्हणजे याचा अर्थ काय, असे तिने जर्मनमध्येच विचारले. कादंबरीला मराठी सगळे कळते. उत्तर मात्र जर्मनमध्ये येते.

मनोरमाबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले, "उसिसाफिरिए न्योता या म्वेन्झिओ." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या, "दुसऱ्याच्या ताऱ्यावर भरवसा ठेवून आपली होडी हाकारू नये." आणि मग एकदम, "हे कुठे मिळालं तुला? पेटी कुणी उघडली?"

ऊर्मिलाने हृषिकेशकडे बघितले. हृषिकेशने लॅपटॉपकडे बघितले. तो बंद होता.

मनोरमाबाई माझ्यापुढे बसल्या. डावी खुंटी ओढली. खालचा गंधार वाजवला, तो होता. मधला वाजवला, तोही होता. वरचा वाजवला. तिथे त्यांचे बोट थांबले. त्यांनी तो पुन्हा वाजवला, एकदाच.

"आई, मी तुझ्यासाठीच... पंचाहत्तरीला..." हृषिकेश म्हणाला.

"कळलं," त्या म्हणाल्या. त्यांनी भाता मिटला, उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते, असे त्या घरातल्या प्रत्येकाला वाटले. मलाही वाटले.

चहा झाल्यावर त्यांनी सांगितले. अथमान, रुकिया, गुरुवारच्या दुपारी, दोन खुंट्या, सगळे. सांगायला एकोणचाळीस वर्षे थांबल्या होत्या, त्यामुळे संध्याकाळ पुरली नाही. हृषिकेश मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आई, तो सूर पुन्हा उतरवून आणू? त्या बाई करतील."

"नको. टोकाशी तू घासलंस, मुळाशी त्याने घासलंय. आता आणखी घासलं तर तुटेल. राहू दे. तो आता तुझा गंधार."

"मग तू आधी का नाही सांगितलंस गं?"

"तू कधी विचारलंस?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

कादंबरी मात्र त्या दिवसापासून आजीला चिकटली. तिने इंटरनेट धुंडाळले आणि तिला दिसले ते भलतेच. दार-एस-सलामची मुले स्वाहिलीत रॅप करतात, त्याला बोंगो फ्लेवा म्हणतात. झांझिबारकडचे नवे ताराब कीबोर्डवर आणि विजेच्या गिटारवर वाजते, आणि बायका खुर्च्या सोडून नाचतात. तिने ते आजीला दाखवले. मनोरमाबाईंनी दोन गाणी शेवटपर्यंत ऐकली.

"पेटी गेली, कीबोर्ड आला," त्या म्हणाल्या. "ढोलही मशीनचा. पण टोमणा तोच आहे, बघ. ही बाई सवतीला झोडपतेय." बोंगो फ्लेवावर त्यांचे मत असे पडले, की मुले भराभर बोलतात, पण यमक चुकवत नाहीत.

पंचाहत्तरीचा समारंभ रविवारी दुपारी चारला होता. रविवार म्हणजे इथे शांततेचा वार, म्हणून ऊर्मिलाने जिन्यात चिठ्ठी लावून शेजाऱ्यांची परवानगी घेतली होती. वीस-पंचवीस माणसे जमली. औक्षण झाले, पुरणपोळ्या झाल्या. मग कादंबरी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिने चक्क मराठीत सांगितले, "आता आजी गाणार. ज्याला वाटतं की ही ओळ माझीच आहे, त्याने उठायचं आणि पेटीवर काहीतरी ठेवायचं. बोलायचं नाही."

मनोरमाबाईंनी डावी खुंटी ओढली आणि रुकियाचे गाणे सुरू केले. आधी स्वाहिलीत, मग त्याच चालीवर मराठीत. हाक मारली असतीस तर मी दार उघडले असते. आवाज पंचाहत्तर वर्षांचा होता, पण खालचा गंधार आणि मधला गंधार जिथल्या तिथे लागले. गाणे वर चढू लागले तसे मला धस्स झाले. वरच्या गंधाराला आता काय होणार? हृषिकेशही माझ्या त्याच पट्टीकडे बघत होता.

मनोरमाबाईंनी ती पट्टी दाबलीच नाही. भाता चालू ठेवला, बोट अधांतरी धरले आणि तो सूर गळ्यातून लावला. दोन पट्ट्यांच्या फटीतला, अगदी तोच. त्यावर त्या रेंगाळल्या, रुकियासारख्याच. मी गप्प होते आणि तो माझ्या डोक्यावरून वाजत होता. एखादा सूर माझ्याशिवायही राहू शकतो, हे मला वयाच्या सत्तरीत कळले. मित्रांनो, मला रडता येत असते तर मी रडले असते.

कुलूप का फोडलेस? किल्ली तर माझ्या कंबरेलाच होती.

ही ओळ आली आणि सगळ्यांत आधी उठली ती ऊर्मिला. हात झुलवत आली, नवऱ्याकडे रोखून बघितले आणि माझ्यावर मिक्सरचे तुटलेले बटण ठेवले. माणसे पोट धरून हसली. मनोरमाबाई हसल्या, पण गाणे सोडले नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, आता थेट मुलाकडे बघून.

टोमणा ज्याच्यासाठी असतो तो माणूस सहसा उठत नाही. मोंबासाच्या तेरा वर्षांत मी तसे एकदाही पाहिले नव्हते. हृषिकेश उठला. त्याला हात झुलवता येत नाही, तो तसाच ताठ चालत आला, सगळ्यांदेखत माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि खिशातून ती नखांची कानस काढून माझ्या झाकणावर ठेवली.

मनोरमाबाईंनी भाता थांबवला. मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दार उघडंच होतं रे, बाळा."

आता दर गुरुवारी दुपारी शाळेतून आल्यावर कादंबरी माझ्यापुढे बसते. उजवी खुंटी आत, डावी बाहेर. वरचा गंधार आला की ती पट्टीवरून बोट उचलते आणि गाते. पहिले दोन महिने तो फाल्श लागायचा आणि आजी म्हणायची, "पुन्हा." आता बहुतेक वेळा बरोबर लागतो. जिभेतला सूर गेला म्हणून तो गळ्यात शिकवावा लागला. हे चांगले झाले असे मी म्हणणार नाही, कारण माझा सूर गेला तो गेलाच. पण तो वाया गेला नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसा, ओलीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण घरातल्या जुन्या वस्तूत तुम्हाला एखादी चूक दिसली, तर कानस उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढेच विचारा, की हे असे का आहे. बहुतेक वेळा किल्ली त्यांच्या कंबरेलाच असते.

ती कानस अजून माझ्या झाकणाखाली आहे. ऊर्मिलाने नखांसाठी दुसरी आणली.